शत्रूचा चेहरा: युद्धपट आणि वंशद्वेष

कुणी विचारेल, फुलंब्रीत बसून जपान-अमेरिकेच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिनेमांशी आपलं काय देणंघेणं? आहे, बरंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी फ्रँक काप्रा यांनी प्रचारपट काढले. त्यांतला जपानवरचा पट ९ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे नागासाकीवर बॉम्ब पडला त्याच दिवशी आला. त्यात जपानी सैनिक एका साच्यातून काढल्यासारखे दाखवले आहेत. जर्मनांच्या बाबतीत तसं नव्हतं. तिथे नाझी वेगळे आणि सामान्य जर्मन वेगळे, असा फरक बहुधा केला जाई. जपान्यांच्या बाबतीत दोष थेट रक्तालाच चिकटवला. याच वृत्तीतून अमेरिकेत सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं; त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते.

जपानही मागे नव्हता. १९४५ च्या ‘मोमोतारो’ या कार्टूनपटात इंग्रज शिंगं असलेले राक्षस आहेत, आणि दक्षिणेकडच्या बेटांवरचे रहिवासी चक्क जनावरं.

आता आपल्याकडे या. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४३ पासून प्रत्येक खेळात सरकारमान्य प्रचारपट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं झालं. पडद्यावर शत्रूला रानटी म्हणणारं हे सरकार स्वतः काय करत होतं? ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत लावून त्यांनी महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद केली होती. ज्यांचे पूर्वज कोरेगावला लढले, त्यांनाच लढता येत नाही असं ठरवलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पलटण उभी केली, गरज सरताच मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे जन्मावरून माणूस तोलण्याचा तराजू एकच; एका पारड्यात शत्रू, दुसऱ्यात आपलीच प्रजा.

मग शत्रूवर सिनेमे काढूच नयेत का? तसं आम्ही म्हणत नाही. जपानी फौजांनी चीनमध्ये केलेले अत्याचार खरेच होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे जखमींची सेवा करताना १९४२ साली वारले, आणि व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. अत्याचार दाखवावेतच. पण ‘यांनी हे केलं’ आणि ‘हे असलेच असतात’ या दोन वाक्यांत फरक आहे.

म्हणून पुढचा युद्धपट पाहताना एवढं तपासा: शत्रूच्या माणसाला नाव आहे का? घर आहे का? त्यातला एखादा तरी ‘नको’ म्हणतो का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो सिनेमा युद्धाविषयी कमी आणि द्वेषाविषयी जास्त बोलतोय, असं खुशाल समजा.