काचपात्रांतील पांच दिवस

आमच्या वसईंत घरीं पाळणा हालला नाहीं, कीं अजूनहि बोट प्रथम सुनेकडे वळतें. वाचकहो, बऱ्याच वेळां दोष पुरुषबीजांत असतो. आणि त्यावरहि प्रयोगशाळेनें तोड काढली आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं काचपात्रांत फळलेल्या बीजापासून कन्या जन्मली, तेव्हां स्त्रीबीजाभोंवतीं पुष्कळ शुक्रजंतु सोडून वाट पाहावी लागे. १९९२ सालीं ब्रसेल्स येथील संशोधकांनीं एकच शुक्रजंतु केसाहून बारीक सुईनें बीजांत घालण्याची रीत प्रसिद्ध केली.

पुढील काम उष्णपेटीचें. तींत देहाइतकीच ३७ अंश उष्णता. प्राणवायु मात्र हवेंतल्याप्रमाणें शेंकडा २१ नव्हे, सुमारें ५, कारण मातेच्या उदरांतहि तो थोडाच असतो. पूर्वीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच गर्भ उदरांत ठेवीत. हल्लीं पुष्कळदां पांचव्या दिवसापर्यंत थांबतात. सशक्त कोणता तें कळतें, व एकच ठेवल्यानें जुळ्यांचा धोका बराच टळतो. उरलेले शून्याखालीं १९६ अंश थंड अशा द्रवरूप नत्रवायूंत राखतात. स्त्रीबीजाचें वय मात्र कोणतीहि पेटी कमी करीत नाहीं.

म्हणून शेजारचें जोडपें सल्ल्यास आलें, तेव्हां मीं प्रथम मुलाच्या तपासणीविषयीं विचारलें. ती झालीच नव्हती! चार वर्षें सून एकटीच मुंबईच्या फेऱ्या घालीत होती.