पिकअपचे पाटे : पहिला खर्च कशावर करावा?

शेतातला माल बाजारपेठेत पोचविण्याचे जे काम एके काळी बैलगाडीकडे होते, ते सांप्रत बहुतेक ठिकाणी पिकअप गाडीने उचलले आहे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर त्यांपैकी कित्येकींचा मागचा भाग जमिनीकडे झुकलेला दिसतो. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की मालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे दोन पाटे वाढवून घ्या. सल्ला स्वस्त असतो, काम एका दिवसात होते आणि गाडीची पाठ ताठ झालेली पाहून मालकही संतोष पावतो. परंतु पहिला पैसा पाट्यांवरच खर्च करावा काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

त्यासाठी गाडीखालच्या सामानाची कामे वेगवेगळी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पाट्यांची स्प्रिंग जुनीच आहे. घोडागाड्यांसाठी अशा पाट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचे पेटंट ओबाडाया इलियट याने इंग्लंडात १८०४ मध्ये घेतले. तिचे काम भार पेलणे आणि चाक उचलले गेले असता वाकून तो धक्का पोटात घेणे, हे होय. मात्र वाकलेली स्प्रिंग घेतलेले सर्व परतही करते. ती वर उसळते, खाली येते, पुन्हा उसळते. ही उसळी थांबविण्याचे काम शॉकअब्सॉर्बरचे, ज्याला गॅरेजमध्ये नुसते शॉकअप म्हणतात. नाव धक्के शोषणाऱ्याचे असले, तरी धक्का शोषते स्प्रिंग. शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि हालचालीची शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. नावाच्या या घोटाळ्यामुळेच पुष्कळांचा खर्च चुकीच्या जागी होतो. गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते ती शॉकअप थकल्यामुळे; आणि मालक मात्र पाटे बदलतो.

शॉकअप थकल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. त्याच्या अंगावर तेलाचा ओलावा व त्यावर बसलेली धूळ दिसते. टायर सारखा न झिजता जागोजागी खोलगट झिजतो. गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग दोन-तीन वेळा झुलत राहतो. जुने मिस्त्री आणखी एक परीक्षा करतात. खराब रस्त्यावर काही मैल गाडी चालवून थांबावे आणि जपून हात जवळ नेऊन दोन्ही बाजूंचे शॉकअप पाहावेत. चालू असलेला ऊन लागतो. थंडगार राहिलेला काम करीत नाही, असे खुशाल समजावे. शॉकअप बदलणे ते नेहमी जोडीने बदलावेत.

शॉकअपच्याही आधी करावयाची गोष्ट जवळजवळ फुकट आहे. ती म्हणजे टायरमधील हवा. भरल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेला दाब वेगळा असतो व तो गाडीवरच लिहिलेला असतो. त्याचप्रमाणे शॅकलमधील रबरी बुश झिजले असतील, तर गाडी वळणावर मागून सरकल्यासारखी वाटते. तो दोष पाटे वाढवून जात नाही.

आता पाट्यांकडे वळू. गाडी मागे बसते, ही तक्रार खरी की खोटी, हे मोजून ठरवावे. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची रिकाम्या गाडीत मोजावी. मग नोंदणीपत्रात दिलेले एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरकाइतका भार घालून पुन्हा मोजावी. येथे एक बारीक गोष्ट सुटते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या गाडीच्या वजनात चालक धरलेला नाही. म्हणजे चालक आणि शेजारी बसलेले दोघे यांचे वजन मालातूनच वजा होते. २० किलोचा क्रेट धरला, तर तीन माणसांनी दहा-एक क्रेटची जागा खाल्लेली असते. इतक्या रास्त भाराखाली आस रबरी ठोकळ्याला टेकत असेल किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली राहत असेल, तर पाटे खरोखरच थकले आहेत. तसे नसेल, तर दोष पाट्यांचा नसून भाराचा आहे.

पाटे थकलेच असतील, तर ते मूळ मापाचे नवे घालणे हा सर्वांत सरळ उपाय. त्याहून अधिक कठीण करावयाचे झाल्यास गणित जाणून करावे. सारख्याच मापाच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर कठीणपणा पाचव्या हिश्शाने वाढतो. पण पाट्याची जाडी वाढविली तर परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. ७ मिलीमीटरऐवजी ८ मिलीमीटरचे पाटे घातले की स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. एका मिलीमीटरचा हा प्रताप पुष्कळांना ठाऊक नसतो.

ताठ स्प्रिंगची खरी किंमत परतीच्या वाटेवर कळते. जाताना भरलेली गाडी येताना रिकामी असते. भाराखाली स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे सव्वा वेळ झुलते. तीच स्प्रिंग फक्त ४ सेंटिमीटर दबली, तर झुलणे सेकंदाला अडीच वेळांवर जाते. रिकाम्या गाडीचे मागचे चाक अशा वेळी रस्त्यावर टेकण्याऐवजी त्यावरून उड्या मारते, आणि जे चाक हवेत आहे ते ना ब्रेक पकडते ना वळण. पावसाळ्यात घाटाच्या ओल्या वळणावर रिकामी पिकअप शेपटी फिरवून आडवी होते, तिच्यामागे हे एक कारण असते.

याहून कमी माहीत असलेला धोका ब्रेकमध्ये आहे. कित्येक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यावयाचा, हे ठरविणारा एक झडप-यंत्रभाग सांगाडा व आस यांच्यामध्ये दांड्याने जोडलेला असतो. गाडी भाराने खाली बसली की तो मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. पाटे वाढविल्यामुळे गाडी बसलीच नाही, तर त्या बिचाऱ्या झडपेला गाडी रिकामीच वाटते. मग दीड टन माल पाठीवर असताना मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात आणि सगळा ताण पुढच्या चाकांवर पडतो. पाटे वाढविलेच, तर ही झडप जाणकाराकडून नव्याने जुळवून घेणे अगत्याचे आहे.

म्हणून ज्याला कधी भरली तर कधी रिकामी गाडी चालवावयाची आहे, त्याने मूळ संच तसाच ठेवून खाली एक जवळजवळ सपाट मदतनीस पाटा घालण्याचा विचार करावा. तो रिकाम्या गाडीत अलिप्त राहतो आणि भार आल्यावरच टेकू देतो. हवेच्या रबरी पिशव्यांनीही हेच साधते, परंतु त्या भार सांगाड्याच्या एकाच ठिकाणी आणून टाकतात. आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी उंच करणे हा तर निव्वळ देखावा आहे. त्याने ताकद काडीमात्र वाढत नाही, उलट उलटण्याचे भय वाढते.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला आडकाठी करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तोच अर्थ उचलून धरला. पाटे कितीही वाढविले, तरी नोंदणीपत्रातील वजन एक किलोनेही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा केला आहे.

काम कोणतेही केले, तरी यू-बोल्ट शक्य तो नवे घ्यावेत आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत. ते सैल राहिले तर पाट्यांच्या मधला बोल्ट तुटतो आणि आस जागेवरून सरकते. मागची बाजू उंच झाल्याने पुढच्या दिव्यांचा झोतही खाली येतो. तो रात्रीच्या फेरीपूर्वी भिंतीवर टाकून सारखा करून घ्यावा.