डी.एड. झाले, नोकरी कुठे आहे?

बारावीनंतर डी.एड. केले की मास्तरकी पक्की, असा समज अजून अनेक घरांत आहे. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षण पदविका) म्हणून ओळखला जातो. तो लहान मुलांना शिकवण्याची तयारी करून घेतो; नोकरीची हमी देत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकणे, परवाना काढणे आणि एसटीत चालक म्हणून भरती होणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेही तसेच. पदविकेच्या जोडीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. खुल्या प्रवर्गासाठी १५०पैकी ९० गुण हवेत. मग टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). तिच्या गुणांवर जिल्हा परिषद शाळांसाठीची निवड ‘पवित्र’ पोर्टलवरून होते.

म्हणून ती दोन वर्षे वाया जातात का? मुळीच नाही. ५२ वजा २७ या गणितात मूल ३५ लिहिते. उत्तर चूक, हे कोणीही सांगेल. पण हातचा न घेता त्याने सातातूनच दोन वजा केले, हे ओळखून काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवणे शिकावे लागते. सरावपाठ आणि आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ) त्यासाठीच असतात, आणि माझ्या मते अभ्यासक्रमाचा खरा जीव तिथेच आहे.

बी.एड. मोठी पदवी, म्हणून ती सगळीकडे चालते, हेही खरे नाही. पहिली ते पाचवीसाठी ती पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये दिला.