गुलाबावर भाळलेला बुलबुल

फारसी कवितेतला बुलबुल आणि आपल्या जास्वंदीवर येऊन बसणारा लालबुड्या बुलबुल यांच्यात सारखं काय? फक्त नाव! इराणी बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. तपकिरी, जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा, झुडपात दडून राहणारा. आपला बुलबुल अगदी वेगळ्या कुळातला. शब्द फारसीबरोबर इकडे आला, पक्षी तिकडेच राहिला, आणि तुरेवाल्या आपल्या पाखराला ते सुरेल नाव मिळालं.

फारसी कवींनी या इवल्या जिवाला प्रेमवेडा ठरवलं. बाराव्या शतकात अत्तारने ‘मंतिक-उत-तैर’ लिहिलं. त्यात सगळे पक्षी आपल्या राजाच्या, सीमुर्गच्या शोधात निघतात. बुलबुल मात्र यायला तयार नसतो. गुलाबाला सोडून जायचं कसं? पुढे हाफिजच्या गझलांत गुल आणि बुलबुल ही जोडी पक्की झाली.

मला थक्क करतं ते हे, की या कल्पनेच्या मुळाशी डोळसपणे पाहिलेलं काहीतरी आहे. नाइटिंगेल हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि वसंतात परततो, म्हणजे इराणात गुलाब उमलू लागतात त्याच सुमारास. गातो तो प्रामुख्याने नर. रात्र रात्र गाणारे बहुतेक नर एकटे असतात. अंधारातून उडत येणाऱ्या माद्यांना ते साद घालत असतात. जोडी जमली की रात्रीचं गाणं थांबतं. मादी सोडून गेली, तर ते पुन्हा सुरू होतं! याला विरहाचं गाणं म्हणणारे कवी किती नेमकं ऐकत होते!

कवितेतला हा बुलबुल उर्दूत आला, गझलेबरोबर मराठीच्याही कानावर पडला. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, ‘फार्शी-मराठी कोश’ त्यांचाच.

नाइटिंगेलचा खरा भाऊबंद मात्र आपल्या अंगणातच आहे: काळा-पांढरा, शेपटी उभारून मिरवणारा दयाळ. दोघंही एकाच कुळातले. चैत्र-वैशाखात उजाडायच्या आधी गच्चीवर जा. तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून तो गात असेल. हाफिज वाचण्याआधी त्याला एकदा मन लावून ऐकाच.