शाळेची चाचणी आणि शाळेचे अनुदान

सिन्नरच्या आणि नाशिकच्या विडी कामगार स्त्रियांना मजुरी दर हजारी मिळते. वळलेल्या विड्या कारखान्यात आणून दिल्या म्हणजे मालकाचा तपासनीस त्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात, आणि छाटीचे पैसे मिळत नाहीत. पान सडके दिले होते की तंबाखू कमी दिली होती, हा प्रश्न तपासनिसाच्या टेबलाशी निघत नाही. 1966 साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला, तेव्हा छाटीच्या तक्रारींबरोबरच कच्च्या मालाच्या तक्रारींचाही निवाडा करण्याची तरतूद त्यात घालावी लागली. नुसती विडी तपासून भागत नाही, पान कसले दिले होते तेही पाहावे लागते, एवढे तरी सरकारने त्यात मान्य केले.

शाळेतल्या चाचण्यांवर बोलायचे असता आम्ही विडीपासून निघालो, याचे कोणास नवल वाटेल. पण शाळेच्या पैशाची सांगड मुलाच्या परीक्षेशी घालण्याची कल्पना ही मुळात कामावर मजुरी देण्याचीच कल्पना आहे. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो या गृहस्थाने नवे नियम आणले. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला चार शिलिंग आणि परीक्षेबद्दल आठ शिलिंग द्यावयाचे. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकात मूल नापास झाले की आठातला तिसरा हिस्सा कापावयाचा. ही सरळ छाट झाली. हीच निकालावर अनुदान देण्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही आली.

तिच्यावर नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात ही पद्धत गरीब व अडाणी लोकांत शिक्षण पसरविण्यास मुळीच उपयोगाची नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. त्यांचे कारण व्यवहाराचे होते. ज्या वस्तीत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तेथे निकालाच्या भरवशावर कोणता मास्तर शाळा काढील आणि काय खाईल? तेथे सरकारनेच शाळा काढल्या पाहिजेत. पुढे 1904 च्या ठरावात सरकारनेच या पद्धतीला निरोप दिला. मधली बावीस वर्षे जी मुले शाळेबाहेर राहिली, त्यांचा हिशेब कोणत्याही ठरावात नाही.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण तेथे हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे ‘चार्टर’ शाळा म्हणून एक प्रकार आहे. पहिला कायदा 1991 साली मिनेसोटा राज्यात झाला. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा, आणि ठराविक मुदतीचा करार. आपल्या अनुदानित शाळेची ती दूरची बहीण म्हणता येईल. 2002 च्या केंद्रीय कायद्याने सर्व सरकारी शाळांना, आणि चार्टर शाळांनाही, तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांची राज्याची चाचणी सक्तीची केली. 2014 पर्यंत प्रत्येक मूल ठरलेल्या पातळीला पोहोचलेच पाहिजे, असे फर्मान काढले. जी शाळा मागे पडेल तिच्यावर पायरीपायरीने कारवाई, आणि शेवटच्या पायरीवर एक उपाय असा की शाळा बंद करून तीच चार्टर म्हणून उघडावी! चार्टरच्या कराराचे नूतनीकरणही बहुधा याच आकड्यांवर अवलंबून.

परिणाम काय झाला? अटलांटा शहरात 2011 साली राज्याची चौकशी झाली, तीत 44 शाळांतल्या 178 शिक्षकांवर व मुख्याध्यापकांवर ठपका आला. मुलांच्या चुकीच्या खुणा खोडून मोठी माणसे बरोबर खुणा करीत होती. 2015 साली त्यांतल्या अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. लबाडी ती लबाडीच. तिची वकिली आम्ही करणार नाही. पण एका शहरात इतकी शिकलेली माणसे एकाच वेळी लबाड होतात, तेव्हा माणसांबरोबर व्यवस्थाही तपासावी लागते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने तो कायदा बदलला. चाचण्या राहिल्या, शिक्षेचा जिना बहुतांशी राज्यांच्या मर्जीवर सोडला.

आपल्याकडे सध्या तीन निरनिराळ्या गोष्टी ‘परीक्षा’ या एकाच शब्दाखाली चालतात, आणि त्यांचा घोटाळा पालकांच्याच नव्हे, पुढाऱ्यांच्याही मनात आहे. देशव्यापी संपादणूक सर्वेक्षण, जे 2021 साली तिसरी, पाचवी, आठवी व दहावीचे झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी व नववीचे झाले, ते नमुन्याचे आहे. पोत्यात सुंभा घालून धान्य पाहावे तसे. त्यावरून जिल्ह्याचे कळते, तुमच्या मुलाचे नाही. दुसरी, राज्याची नियतकालिक चाचणी. सरकारी, पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत सगळीकडे एकच छापील प्रश्नपत्रिका येते. वर्षारंभीची पायाभूत चाचणी याच मालिकेतली. मूल कुठे अडले ते पाहून शिकवावे, हा तिचा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. तिसरी गोष्ट निराळ्या जातीची. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवणे बंद केले होते. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात.

पहिल्या दोन चाचण्या हा ताप मोजण्याचा प्रकार आहे. तिसरी म्हणजे ताप आला म्हणून रुग्णालाच दंड! आणि दंड कोणाला बसणार, हे आमच्या जिल्ह्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर किंवा वीटभट्टीवर जातात. द्राक्षाची काढणी ऐन भरात येते फेब्रुवारी-मार्चात, आणि वार्षिक परीक्षा येते त्याच सुमारास. घरी कोकणी नाहीतर वारली बोलणारे मूल, अर्धे वर्ष बागेत. त्याच्यापुढे येते तीच प्रश्नपत्रिका जी कॉलेज रोडवरच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलापुढे येते. प्रश्नपत्रिका सारखी असते, पान आणि तंबाखू सारखी दिलेली नसते.

म्हणून चाचणीच नको, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. शाळेत आठ वर्षे बसूनही मुलाला वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत नाही, हे झाकून ठेवणे कोणाच्या फायद्याचे? कामगाराच्या मुलाच्या तर नाहीच. जो पालक स्वतः वही तपासू शकत नाही, त्याला बाहेरच्या मापाची गरज जास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की मापाचा आकडा शिक्षकाची बढती, शाळेचे नाव आणि मुलाचे वर्ष यांच्या गळ्यात बांधला की आकडा खरा राहत नाही. मग शिक्षक चाचणीपुरते शिकवतो, आणि कच्चे मूल त्या दिवशी घरी राहिले तर बरे, असे शाळेला वाटू लागते. हे शेवटचे फार वाईट, कारण गैरहजर मुलाची छाट कोणाच्या नजरेतच येत नाही.

याला हाताशी एक उपाय आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती घालून दिली आहे. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती बसते. तिच्या पुढल्या सभेत पालकांनी सरासरी गुण विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत: पटावर किती मुले आहेत, चाचणीच्या दिवशी किती बसली, न बसलेली कुठे होती, आणि पायाभूत चाचणीत जी मागे दिसली त्यांच्यासाठी दिवाळीपर्यंत कोणता तास जादा घेतला. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि त्याची नक्कल मागावी.