समोरच्याला काय दिसतं?
लेखमाला : हात कीबोर्डवर – भाग ९

मुंबई उपनगर जिल्ह्यात तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, मुलुंड कुर्ल्यातच मोडतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला यांसाठी पूर्वी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागत. आता अर्ज भरण्याचं बरंचसं काम स्टेशनजवळच्या सेवा केंद्रात उरकतं. गाळा एवढासा. एका टेबलावर संगणक, शेजारी झेरॉक्स मशीन, मागच्या भिंतीला पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा. जूनमध्ये अकरावी-डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की रांग फुटपाथवर येते. या आठवड्यात विंडो मिनिमाइझ करायच्या आणि आवरायच्या कळा शिकायच्या आहेत. त्या मी मुद्दाम या टेबलावरूनच सांगणार आहे. बंद केबिनमध्ये या कळांनी वेळ वाचतो. इथे त्यांनी दुसऱ्याची माहिती झाकली जाते.

या टेबलावरच्या स्क्रीनवर एका वेळी काय काय उघडं असतं ते बघा. ‘आपले सरकार’चा अर्ज. स्कॅन केलेल्या कागदांचं फोल्डर. फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर, कारण तिथे फोटो ५ ते २० केबीत आणि कागदपत्र ७५ ते ५०० केबीत बसवावं लागतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप वेब, कारण अर्धे लोक कागद मोबाइलवरूनच पाठवतात. कुणाचं आधार, कुणाची पगाराची स्लिप, कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला. काउंटरवर कोपर टेकवून उभा असलेला पुढचा माणूस हे सगळं वाचू शकतो. त्याच्या मनात काही नसेलही, पण त्याच्या डोळ्यांपुढे शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाचं उत्पन्न कशाला यावं?

पहिली कळ विंडोज आणि डी. एका दाबात सगळ्या विंडो खाली जातात आणि रिकामा डेस्कटॉप दिसतो. पुन्हा तेच दाबलं की सगळं जसंच्या तसं परत. मध्येच एखादी नवी विंडो उघडली, तर मात्र आधीची मांडणी या कळेने सरळ परत येत नाही. तिची बहीण विंडोज आणि एम. वरवर काम सारखंच, पण दोन फरक आहेत. एमने खाली गेलेल्या विंडो परत आणायला विंडोज, शिफ्ट आणि एम दाबावं लागतं. आणि ‘सेव्ह अ‍ॅज’सारखी चौकट उघडी असेल, तर ती एमला दाद देत नाही, मागच्या विंडोसकट तिथेच राहते. डी तीही झाकते. काउंटरवर बसणाऱ्याने म्हणून डीच हाताखाली ठेवावं.

एकच विंडो खाली घालायची असेल तर विंडोज आणि खालचा बाण. विंडो पूर्ण पसरलेली असेल तर पहिल्या दाबात ती नुसती लहान होते, दुसऱ्या दाबात खाली जाते. अनेक जण पहिल्याच दाबाला ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

या दोन्हींपेक्षा मला टेबलावर अधिक उपयोगी वाटते ती आकड्यांची कळ. टास्कबारवर डावीकडून पहिलं जे चिन्ह असेल ते विंडोज आणि १ ने उघडतं, दुसरं २ ने. त्याची एकच विंडो असेल तर तीच कळ पुन्हा दाबल्यावर ती खाली जाते. ब्राउझर पहिला, स्कॅनचं फोल्डर दुसरं, फोटोचं सॉफ्टवेअर तिसरं असं टास्कबारवर एकदा पक्कं करून ठेवलं, की हवं ते वर येतं आणि काम झालं की त्याच बोटाने खाली जातं.

ऑल्ट आणि टॅबची जोडी सगळ्यांना ठाऊक असते. एमएस-सीआयटीच्या वर्गात, म्हणजे २००१पासून, राज्यातल्या कितीतरी जणांनी ती गिरवली आहे. ती उत्तमच आहे, पण काउंटरवर तिच्यात एक खोट आहे. ऑल्ट धरून टॅब दाबलं की उघड्या असलेल्या सगळ्या विंडोंची छोटी चित्रं समोर येतात, मिनिमाइझ करून ठेवलेल्यांचीसुद्धा. म्हणजे जे झाकलं तेच क्षणभर मांडून दाखवलं. चित्र लहान असलं तरी आधार कार्ड ओळखू येतंच. गिऱ्हाईक समोर असताना आकड्यांची कळ वापरा, ऑल्ट-टॅब एकटे असताना.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी मात्र हीच ऑल्ट-टॅब पायाभूत आहे. माउसचा बाण दिसतच नसेल तर सगळं काम कीबोर्डवरच होतं. २००६मध्ये सुरू झालेलं एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक टॅबसरशी विंडोचं नाव बोलून दाखवतं. ही माणसं ज्या सफाईने विंडो बदलतात ती शेजारी बसून पाहण्यासारखी असते. शॉर्टकट म्हणजे हौशी लोकांची चैन, असं म्हणणाऱ्याने तर ती पाहावीच.

आता झाकण्याऐवजी जोडून ठेवायची वेळ. ब्राउझर समोर असताना विंडोज आणि डावा बाण दाबा, तो अर्ध्या स्क्रीनवर बसतो. स्कॅन केलेलं आधार उघडून विंडोज आणि उजवा बाण. ते उरलेल्या अर्ध्यात. ही सोय विंडोज ७ मध्ये, २००९ साली आली. आता आडनाव ताडून बघा. सावंत इंग्रजीत डब्ल्यूने लिहिलंय की व्हीने? आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि अर्जात तिसरंच पडलं तर अर्ज परत येण्याची पाळी. एका विंडोतून दुसरीत उड्या मारत, अक्षरं डोक्यात धरून टाइप करण्यापेक्षा दोन्ही शेजारी-शेजारी ठेवणं कितीतरी खात्रीचं. स्क्रीन अर्जदाराकडे वळवा आणि त्यालाच वाचू द्या. स्वतःच्या नावातली चूक माणसाला सगळ्यात आधी दिसते. वळवण्याआधी विंडोज आणि डी दाबा, मग त्याच्याच दोन विंडो वर आणा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मिनिमाइझ केलेली विंडो बंद होत नाही. तिच्यातलं डाउनलोड चालू राहतं, आणि सरकारी साइटवरचं लॉगिन ठरावीक वेळाने संपायचं ते संपतंच. अर्धा भरलेला अर्ज खाली घालून दुसऱ्याचं काम करत बसलात, तर परत आल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागेल. आधी जतन करा, मग खाली घाला.

उलट, बंद केलेलंही पुरतं जात नाही. कंट्रोल आणि डब्ल्यूने टॅब बंद होते. कंट्रोल, शिफ्ट आणि टीने तीच टॅब परत उघडते. चुकून बंद झालं तर हा मोठा आधार. पण तुम्ही चहाला उठलात आणि खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, तर त्याच्याही हाताशी तीच सोय असते. म्हणून उठताना विंडोज आणि एल. स्क्रीनला कुलूप लागतं, पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नाही. पासवर्डच ठेवलेला नसेल तर हे कुलूप नावापुरतंच, तेव्हा तो आजच ठेवा. विंडोज आणि डी हा नुसता पडदा आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. गाळ्यात त्याची सुरुवात या एलपासून करता येते.

सरावासाठी एवढंच करा. उद्या दुकान उघडल्यावर, रांग लागायच्या आधी, टास्कबारवरची चिन्हं क्रमाने लावा आणि १, २, ३ अशा आकड्यांनी ती वर-खाली करून बघा. बोटांना क्रम बसला की माउस बाजूला सरकवा. पुढच्या आठवड्यात कॉपी-पेस्ट: विंडोज आणि व्ही दाबल्यावर उघडणारा इतिहास, आणि त्यात साठून राहणारे आधार क्रमांक कसे पुसायचे.