धुराचा दगड होतो तेव्हा

आइसलंडमधल्या हेल्लिशेइदी इथे जमिनीखालच्या वाफेवर वीज तयार होते. वाफेबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही वर येतो. 2012 मध्ये 'कार्बफिक्स' प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी हा वायू सोडावॉटरसारखा पाण्यात विरघळवून खोल बेसॉल्ट खडकात सोडला. आम्लधर्मी पाण्याने खडकातले कॅल्शियम सुटते आणि वायूशी त्याचा संयोग होऊन चुनखडीसारखे खनिज बनते. याला शेकडो वर्षे लागतील, असा समज होता. दोन वर्षांच्या आत 95 टक्के वायूचा दगड झाला!

त्याच परिसरात 2021 पासून 'ऑर्का' यंत्रणा थेट हवेतून वायू ओढते. क्षमता वर्षाला जेमतेम 4,000 टन. जगाचा धूर 3,500 कोटी टनांहून जास्त. तरी असे टन विकत घेऊन आपल्या धुराची भरपाई झाली, असे कंपन्या हिशेबात दाखवतात. धुराडी चालूच.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच बसला आहे, म्हणून या चर्चेत दख्खनचे नाव निघते. पण या पद्धतीत एक टन वायू मुरवायला पंचवीसेक टन पाणी लागते. समुद्राच्या पाण्याचा पर्याय अभ्यासला जातो आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यापासून समुद्र मात्र लांब आहे.